विश्लेषण : ‘गेम बॉय’ने कमावलेला विश्वास ‘व्हर्च्युअल बॉय’ने कसा गमावला? कोण होते गुनपेई योकोई?

निंटेंडो या जपानी कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये एक अनपेक्षित घोषणा केली. १९९५ मध्ये बाजारात आलेल्या आणि वर्षभराच्या आतच गुंडाळाव्या लागलेल्या ‘व्हर्च्युअल बॉय’ या यंत्राचे गेम आता ‘स्विच’ कन्सोलवर खेळता येतील आणि त्यासाठी जुन्या यंत्राच्याच आकाराचे उपकरणही विकले जाईल, अशी ती घोषणा. तीस वर्षांपूर्वी ग्राहकांनी पाठ फिरवलेली वस्तू आता हौशी मंडळींसाठी नव्याने घडवली जात आहे. हे यंत्र ज्यांच्या कल्पनेतून आले, त्या गुनपेई योकोई यांनी त्याआधी ‘गेम बॉय’ही घडवला होता. ग्राहकाचा विश्वास कमावणारे आणि तो घालवणारे अशी दोन्ही यंत्रे एकाच माणसाच्या हाताखालून, अवघ्या सहा वर्षांच्या अंतराने बाहेर पडली. हे कसे घडले हे समजून घेण्यासाठी थेट एका पत्त्यांच्या कारखान्यापासून सुरुवात करावी लागते.

पत्त्यांच्या कारखान्यातील अभियंता

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी क्योटो येथे झाला. दोशिशा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतले, पण मोठ्या कंपन्यांनी नाकारल्यावर १९६५ मध्ये ते गावातल्याच निंटेंडोत लागले. निंटेंडो तेव्हा ‘हानाफुदा’ हे फुलाफुलांचे जपानी पत्ते बनवत असे. आपल्याकडे गंजिफा तसे त्यांच्याकडे हे पत्ते. योकोई यांचे काम ते पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल करण्याचे. यंत्रे फारशी बिघडत नसत, त्यामुळे वेळ भरपूर उरत असे. त्या फावल्या वेळात त्यांनी कैचीसारख्या पट्ट्या जोडून लांबवर पोहोचणारा, वस्तू पकडणारा एक हात बनवला. कारखान्यात आलेले अध्यक्ष हिरोशी यामाउची यांची नजर त्यावर पडली. कामाच्या वेळेत खेळणे केल्याबद्दल बोलणी बसतील असे योकोई यांना वाटले असणार, पण यामाउची यांनी त्याचे विक्रीयोग्य खेळणे करण्यास सांगितले. १९६६ मध्ये ‘अल्ट्रा हँड’ या नावाने ते बाजारात आले आणि दहा लाखांहून अधिक विकले गेले. देखभाल विभागातला तरुण खेळण्यांच्या विभागात आला तो कायमचा.

१९६९ मधील ‘लव्ह टेस्टर’ हे त्यांचे पुढचे गाजलेले खेळणे. एका डबीला दोन धातूचे गोळे जोडलेले. एक मुलाने धरायचा, दुसरा मुलीने, आणि मोकळे हात एकमेकांच्या हातात द्यायचे. डबीवरची सुई किती सरकते त्यावरून प्रेम किती ते कळणार! प्रत्यक्षात सुई मोजत होती ती दोघांच्या शरीरातून जाणारा क्षीण विद्युतप्रवाह. तळहात घामेजले की आकडा वाढे. याला फसवणूक म्हणावे का? मला तसे वाटत नाही. विकत घेणाऱ्यालाही ठाऊक होते की हा खेळ आहे आणि खरी गंमत हात हातात घेण्याची आहे.

माझ्या मते योकोई यांची खरी ओळख पटते ती १९७२ मधल्या ‘लेफ्टी आरएक्स’ या मोटारीत. रेडिओवर चालणाऱ्या खेळण्यातल्या मोटारी त्या काळी महाग होत्या. सगळ्या दिशांना वळायचे तर जास्त भाग लागत आणि किंमत वाढे. योकोई यांनी फक्त सरळ जाणारी आणि डावीकडे वळणारी मोटार केली. गोल मार्गावर शर्यत लावायची तर उजवीकडे वळायचे कशाला? यातले महत्त्वाचे एवढेच की ही उणीव त्यांनी लपवली नाही, ती मोटारीच्या नावातच घालून टाकली. घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत आणि ते स्वस्त का आहे, हे दोन्ही दुकानातच कळत होते.

मुरलेल्या तंत्रज्ञानाची वाट

पुढे योकोई यांनी या पद्धतीला एक सूत्र दिले. जपानीत त्याचा शब्दशः अर्थ सुकलेल्या तंत्रज्ञानाचा आडव्या अंगाने विचार असा होतो. मराठीत त्याला मुरलेले तंत्रज्ञान म्हणणे अधिक जवळचे. लोणचे मुरते तसे तंत्रज्ञानही मुरते. त्यातल्या खोडी कळतात, ते भरपूर बनू लागते आणि किंमत उतरते. अशा वेळी ते ज्या कामासाठी जन्मले त्याऐवजी भलत्याच कामाला लावायचे.

याचे ठळक उदाहरण ‘गेम अँड वॉच’. बुलेट ट्रेनमध्ये कंटाळलेला एक नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसलेला योकोई यांनी पाहिला. कोणाच्या नजरेत न येता मोठ्या माणसालाही खेळता येईल अशी इवलीशी वस्तू करता येईल का, असे त्यांच्या मनात आले. पुढे यामाउची यांचा चालक आजारी पडल्याने एके दिवशी योकोई यांना त्यांची गाडी चालवावी लागली आणि वाटेत त्यांनी सहज ही कल्पना बोलून दाखवली, अशी हकीकत सांगितली जाते. त्या काळात शार्प आणि कॅसिओ यांच्या कॅल्क्युलेटर युद्धामुळे एलसीडी पडदे आणि चिप कमालीच्या स्वस्त झाल्या होत्या. शार्प मदतीला आली आणि १९८० मध्ये पहिला ‘गेम अँड वॉच’ निघाला. एका यंत्रात एकच खेळ आणि सोबत घड्याळ. पुढच्या अकरा वर्षांत जगभरात ४ कोटी ३४ लाख यंत्रे खपली. १९८२ च्या ‘डाँकी काँग’च्या आवृत्तीत दांडीऐवजी अधिकचिन्हाच्या आकाराचे सपाट बटण आले. दांडी खिशात मोडली असती. आज जवळपास प्रत्येक कन्सोलच्या रिमोटवर डावीकडे ते बटण किंवा त्याचे भाऊबंद असतात.

अमेरिकेत ग्राहकाने तोंड का फिरवले?

या उद्योगाला विश्वासाची किंमत कळली ती १९८३ मध्ये, अमेरिकेत. अटारीच्या कन्सोलसाठी कोणीही उठावे आणि गेम काढावा अशी स्थिती होती. खोक्यावर झगमगीत चित्र, आत चार चौकोन. अटारीचा स्वतःचा ‘पॅक-मॅन’ १९८२ मध्ये लाखोंनी विकला गेला, पण पडद्यावरची लुकलुकणारी भुते पाहून मुले खट्टू झाली. ‘ई.टी.’ हा गेम नाताळ गाठण्यासाठी जेमतेम पाच-सहा आठवड्यांत उरकला गेला आणि न खपलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डोच्या कचराभूमीत पुरल्या गेल्या. हे दंतकथेसारखे वाटे, पण एप्रिल २०१४ मध्ये उत्खनन करून त्या खरोखर बाहेर काढण्यात आल्या. तीन अब्ज डॉलरच्या पुढे गेलेली अमेरिकी बाजारपेठ दोन वर्षांत दहा कोटी डॉलरच्या आसपास घसरली, असे सांगितले जाते. ग्राहकापेक्षाही जास्त पोळला तो दुकानदार. व्हिडिओ गेम हा शब्दही त्याला नकोसा झाला.

जपानमध्ये निंटेंडोने त्याच वर्षी, १५ जुलै १९८३ रोजी, ‘फॅमिकॉम’ आणला. काही यंत्रे चिपमधील दोषामुळे मध्येच अडकू लागली. यामाउची यांनी तोंडदेखली दुरुस्ती न करता विकलेली यंत्रे परत घेऊन भाग बदलून दिले. ऐन हंगामात हा मोठा खर्च होता. पण नाव टिकले.

अमेरिकेतील दुकानदारांची भीती घालवण्याचे काम काही अंशी योकोई यांच्याकडे आले. १९८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जो कन्सोल मांडला गेला, त्याला व्हिडिओ गेम न म्हणता मनोरंजन यंत्रणा म्हटले गेले. तो व्हीसीआरसारखा दिसेल असे पाहिले गेले आणि न खपलेला माल परत घेण्याची हमी दुकानदारांना देण्यात आली. सोबत होता योकोई यांच्या विभागाचा ‘रॉब’ हा यंत्रमानव. टीव्हीच्या पडद्यावरची उघडझाप ओळखून तो चकत्या उचलायचा, ठेवायचा. त्याच्यामुळे कन्सोल खेळण्यांच्या दुकानात शिरला. मात्र रॉबसाठी एकूण गेम निघाले दोन, आणि तो इतका संथ होता की लवकरच तो बहुतेक घरांत कपाटावर गेला. योकोई यांच्या आधीच्या खेळण्यांत जे नव्हते ते इथे आले होते. वस्तूचा खरा उपयोग ती विकत घेणाऱ्यासाठी नव्हता, ती दुकानात ठेवून घेणाऱ्यासाठी होता. या युक्तीने एक उद्योग वाचला हे खरे, तरी रॉबसाठी वेगळे पैसे मोजलेल्या पालकांच्या बाजूनेही ते पाहायला हवे.

शिक्का कशाची हमी देत होता?

निंटेंडोने गेमच्या खोक्यांवर गुणवत्तेचा सोनेरी शिक्का लावायला सुरुवात केली. कन्सोलमध्ये एक चिप बसवली, जिच्यामुळे परवाना नसलेली कॅसेट चालत नसे. बाहेरच्या कंपन्यांना वर्षाला पाचच गेम काढण्याची मुभा होती. कचरा खरोखर कमी झाला. पण गेम कंपनीने तपासला आणि मंजूर केला, एवढाच त्या शिक्क्याचा अर्थ होता. गेम चांगला आहे असे तो सांगत नव्हता, आणि ग्राहक वाचायचा मात्र तसेच. २००३ मध्ये शिक्क्यातून गुणवत्ता हा शब्द गाळण्यात आला. शिवाय हाती आलेले नियंत्रण फक्त दर्जापुरते राहिले नाही. दुकानदारांना ठरावीक किमतीखाली विकू न दिल्याच्या आरोपावरून १९९१ मध्ये अमेरिकेत सरकारी यंत्रणांशी तडजोड करून ग्राहकांना पाच-पाच डॉलरची कूपने द्यावी लागली. यात योकोई यांचा संबंध नव्हता, ते क्योटोत यंत्रे करत होते. पण ती ज्या घराची होती ते घर असे होते.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात याच कन्सोलच्या नकला घरोघर आल्या. कॅसेटवर ९९९९ गेम असे छापलेले असे आणि यादी खाली सरकवत गेले की तेच दहा-वीस गेम नाव बदलून पुन्हा पुन्हा येत. त्या नकलांच्या रिमोटवरही योकोई यांचे अधिकचिन्ह होते.

‘गेम बॉय’मध्ये असे काय होते?

‘गेम बॉय’ २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये आणि त्याच वर्षी अमेरिकेत आला. किंमत १२,५०० येन, अमेरिकेत सुमारे ९० डॉलर. पडदा हिरवट, रंग नाहीत, मागून उजेड नाही, वेगाने हलणारे चित्र पुसट होई. अटारीचा ‘लिंक्स’ त्याच वर्षी आला, सेगाचा ‘गेम गियर’ पुढच्या वर्षी. दोन्ही रंगीत, दोन्ही कागदावर कितीतरी सरस. सेगाने जाहिरातींत ‘गेम बॉय’च्या हिरव्या पडद्याची यथेच्छ टिंगल केली. प्रतिस्पर्ध्याचे यंत्र रंगीत आहे हे कळल्यावर योकोई यांनी उलट सुटकेचा नि:श्वास टाकला, असे त्यांच्या सहकाऱ्यांच्या आठवणींत आहे.

त्यांचा हिशेब सेलचा होता. ‘लिंक्स’ आणि ‘गेम गियर’ला सहा पेन्सिल सेल लागत आणि ते चार-पाच तासांत संपत. ‘गेम बॉय’ चार सेलवर पंधरा तासांहून अधिक चाले. दुकानातल्या काचेआड रंगीत पडदा नक्कीच आकर्षक दिसे. पण खेळण्याचा खरा खर्च घरी गेल्यावर, दर आठवड्याला सेल आणताना कळतो. तो पालकांच्या खिशातून जातो. जाहिरातीत न दिसणारा हा खर्च योकोई यांनी आधीच कमी करून ठेवला होता. यंत्र दणकटही होते. आखाती युद्धात बराकीवरील बॉम्बहल्ल्यात होरपळलेला, वितळलेल्या प्लास्टिकचा एक ‘गेम बॉय’ न्यूयॉर्कमधील निंटेंडोच्या दुकानात अनेक वर्षे ठेवलेला होता, आणि तो चालत होता.

या यशाचे श्रेय एकट्या योकोई यांना देणे अन्यायाचे ठरेल. त्यांचे सहकारी सातोरू ओकादा यांनी पुढे सांगितले आहे की योकोई यांच्या मनात ‘गेम अँड वॉच’चीच पुढची पायरी, साधे आणि अल्पायुषी यंत्र होते. गेम बदलता येतील आणि बाहेरच्या कंपन्यांना गेम लिहिता येतील असे दमदार यंत्र व्हावे हा आग्रह ओकादा यांचा. वाद झाला आणि योकोई यांनी माघार घेतली. ओकादा यांचे म्हणणे मानून घेण्यात मला योकोई यांचा मोठेपणाच दिसतो.

दुसरी एक घटना त्याहून बोलकी आहे. पहिला पडदा ठरला, शार्पची तयारी झाली, आणि नमुना यामाउची यांच्या हातात गेला. त्यांनी तो समोर धरला आणि त्यांना काहीच नीट दिसले नाही. तो पडदा विशिष्ट कोनातूनच स्पष्ट दिसे. इतकी वर्षे यंत्राशी खेळणाऱ्यांच्या हाताला तो कोन सवयीचा झाला होता, म्हणून ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. हे विकता येणार नाही, असे यामाउची यांनी बजावले. योकोई यांचे जेवणखाण सुटले, असे ते पुढे सांगत. अखेर शार्पकडूनच दुसऱ्या प्रकारचा पडदा मिळाला आणि यंत्र तरले. ‘गेम बॉय’ आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली. त्यामागे एका नकाराचाही वाटा होता.

‘व्हर्च्युअल बॉय’ का फसला?

सहा वर्षांनी असा नकार देणारे कोणी नव्हते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या रिफ्लेक्शन टेक्नॉलॉजी या छोट्या कंपनीने लाल दिव्यांची एक रांग आणि वेगाने डुलणारा आरसा यांतून डोळ्यापुढे चित्र उभे करण्याची युक्ती शोधली होती. योकोई यांना ती भावली. दोन डोळ्यांना दोन चित्रे दाखवली की खोली दिसते. लालच रंग का, तर लाल दिवे स्वस्त आणि कमी वीज खाणारे, निळे तेव्हा परवडण्यापलीकडचे. हिशेब जुनाच होता. पण या वेळी तंत्रज्ञान मुरलेले नव्हते, ते नुकते बरणीत पडले होते.

मूळ कल्पना डोक्यावर चढवायच्या यंत्राची होती. मग शंका वाढत गेल्या. चालता चालता कोणी पडले तर? मुलांच्या डोळ्यांवर परिणाम झाला तर? सदोष मालाबद्दल उत्पादकाला जबाबदार धरणारा नवा कायदा जपानमध्ये जुलै १९९५ मध्ये लागू होत होता आणि कंपनीच्या सावधगिरीमागे त्याचाही हात असल्याचे मानले जाते. यंत्र डोक्यावरून उतरून टेबलावरच्या दोन पायांवर आले. आता ते ना खिशात मावत होते, ना टीव्हीला जोडता येत होते. वाकून, मान ताणून त्यात डोळे खुपसायचे. बॉस्टनमधील एका नेत्रसंशोधन संस्थेचा सल्ला घेण्यात आला. सात वर्षांखालील मुलांनी वापरू नये असा इशारा छापला गेला. ठरावीक वेळाने खेळ आपोआप थांबण्याची सोयही झाली.

हे इशारे प्रामाणिक होते, हे मान्य करायला हवे. पण त्याच खोक्यावर, त्याच यंत्राच्या नावात ‘व्हर्च्युअल’ हा शब्द होता. तो शब्द वाचून १९९५ मधला मुलगा काय समजला असेल? मान वळवली की जग वळेल, असे. यंत्राला मान वळलेली कळतच नव्हती. काळ्यावर लाल रेघा, आत खोलवर उभे थर, आणि अर्ध्या तासाने दुखणारे डोके. ‘लेफ्टी’ने आपली उणीव नावात सांगितली होती, इथे नावाने उणीव झाकली.

कंपनीला घाई होती. तिचा पुढचा मोठा कन्सोल, ‘निंटेंडो ६४’, लांबला होता आणि मधली पोकळी भरायची होती. योकोई यांना यंत्र अजून अपुरे वाटत होते, असे सांगितले जाते. पण ते २१ जुलै १९९५ रोजी जपानमध्ये आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेत विक्रीला आले. किंमत जपानमध्ये १५,००० येन, अमेरिकेत सुमारे १८० डॉलर. टीव्हीवरच्या जाहिरातीत खोली दाखवता येत नव्हती, म्हणून अमेरिकेत ब्लॉकबस्टर या व्हिडिओ दुकानांतून यंत्र भाड्याने देण्यात आले. जाहिरातीपेक्षा ही सोय नक्कीच प्रामाणिक होती, आणि तीच अंगाशी आली. लोकांनी घरी नेऊन पाहिले आणि परत केले. जपानमध्ये त्याच वर्षअखेरीस ते बंद झाले, अमेरिकेत १९९६ च्या सुरुवातीला. दोन्ही देशांत मिळून गेम निघाले २२, आणि यंत्रे खपली सुमारे ७ लाख ७० हजार.

शेवटचे वर्ष

योकोई यांनी १५ ऑगस्ट १९९६ रोजी, ३१ वर्षांच्या नोकरीनंतर, निंटेंडो सोडली. ‘व्हर्च्युअल बॉय’च्या अपयशाची शिक्षा म्हणून त्यांना जावे लागले, असे सगळीकडे छापून आले. त्यांनी ‘बुंगेई शुंजू’ या प्रतिष्ठित मासिकात लेख लिहून ते नाकारले. पन्नाशीनंतर स्वतःचे काही करायचे हे आधीच ठरले होते, अपयशामुळे उलट निघणे लांबले, अशी त्यांची बाजू. जाण्याआधी त्यांनी ‘गेम बॉय पॉकेट’ तडीस नेला. तो अधिक स्पष्ट पडद्याचा, हलका आणि दोनच सेलवर चालणारा होता. जुलै १९९६ मध्ये तो बाजारात आला.

क्योटोत त्यांनी ‘कोतो’ नावाची छोटी कंपनी काढली आणि बान्दाई या खेळणी कंपनीसाठी नव्या हातातल्या यंत्राचे काम घेतले. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतातून जाताना होकुरिकु द्रुतगती मार्गावर त्यांच्या गाडीचा अपघात झाला. ते खाली उतरले असता मागून आलेल्या दुसऱ्या गाडीने त्यांना उडवले. ते ५६ वर्षांचे होते.

बान्दाईचे ‘वंडरस्वान’ मार्च १९९९ मध्ये आले. किंमत ४,८०० येन. पडदा करड्या छटांचा, रंग नाहीत. एका पेन्सिल सेलवर ते तीस तास चाले. त्याच्यासोबत आलेल्या, रेघा जुळवण्याच्या एका कोड्याच्या खेळाचे नाव ‘गुनपेई’ असे ठेवण्यात आले होते.